हक्क, परवाना, मक्ता, पट्टा : सिंगापूरच्या मोटारविषयक परिभाषेचे परीक्षण

१

सिंगापूर या नगरराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर आहे आणि २०२४ साली तेथील लोकसंख्येने ६० लाखांची मर्यादा ओलांडली. म्हणजे दर चौरस किलोमीटरला आठ हजारांहून अधिक माणसे तेथे राहतात. या भूमीपैकी सुमारे १२ टक्के भाग रस्त्यांनी व्यापलेला असून घरांच्या वाट्याला आलेला भाग त्याहून फारसा अधिक नाही. अशा ठिकाणी मोटार विकत घेणे हा निव्वळ खाजगी खरेदीचा व्यवहार राहत नाही. मोटार उभी असो की चालती असो, ती जागा अडवते. आणि जागा हीच जेथे सर्वांत दुर्मिळ वस्तू, तेथे प्रत्येक नवी मोटार ही सार्वजनिक भूमीवर केलेली एक मागणीच ठरते. ही मागणी आवरण्यासाठी त्या राष्ट्राने गेल्या पन्नास-साठ वर्षांत जी कर-व्यवस्था उभारली, तिची चर्चा अर्थशास्त्रज्ञांनी व नगररचनाकारांनी विपुल केली आहे.

तथापि या व्यवस्थेचे एक अंग उपेक्षित राहिले आहे. ते म्हणजे तिची भाषा. शासन जेव्हा एखादी गोष्ट महाग करते, तेव्हा त्या महागाईला त्याला नावही द्यावे लागते. हे नाव केवळ खूणचिठ्ठी नसते. देणारा कोणत्या नात्याने देतो, घेणारा कोणत्या नात्याने घेतो आणि ज्याला मिळत नाही त्याने कोणत्या शब्दांत तक्रार करावी, हे सारे त्या नावात आधीच ठरून गेलेले असते. म्हणून सिंगापूरची मोटारविषयक परिभाषा ही एखाद्या संहितेप्रमाणे वाचणे युक्त होईल. या संहितेतील मध्यवर्ती शब्द ‘एन्टायटलमेंट’ हा आहे. तो यथार्थ आहे काय, नसल्यास तो काय झाकतो, आणि मराठीत त्याला कोणता प्रतिशब्द द्यावा, हे तीन प्रश्न प्रस्तुत परीक्षणाचा विषय होत.

२

प्रथम किमतीची घडण पाहिली पाहिजे. कारण शब्दांची परीक्षा वस्तूशी ताडून पाहिल्यावाचून होत नाही. बंदरात उतरताना जिची किंमत २०,००० सिंगापूर डॉलर ठरली आहे, अशी एक साधी पेट्रोलची मोटार उदाहरणादाखल घेऊ या. लिलावागणिक भावात फरक पडतो म्हणून काळ निश्चित केला पाहिजे : तो ऑक्टोबर २०२३ चा उत्तरार्ध समजावा. या मोटारीवर २० टक्के अबकारी म्हणजे ४,००० डॉलर. या दोहोंच्या बेरजेवर तेव्हाच्या ८ टक्के दराने वस्तू-सेवा कर १,९२० डॉलर. ‘अॅडिशनल रजिस्ट्रेशन फी’ म्हणजे अतिरिक्त नोंदणी शुल्क, पहिल्या २०,००० डॉलरांवर शंभर टक्के, म्हणून आणखी २०,००० डॉलर. आणि शेवटी ‘सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट’, ज्याचा भाव त्या वेळच्या लिलावात लहान मोटारींच्या वर्गासाठी १,०६,००० डॉलर निघाला. बेरीज १,५१,९२० डॉलर. यात मूळ नोंदणीची किरकोळ फी नाही, विक्रेत्याचा नफा नाही, विमा नाही, दर सहामाहीचा रस्ता-कर नाही आणि मोटार उभी करण्याचे भाडेही नाही. या बेरजेत मोटार नावाच्या वस्तूचा वाटा सुमारे १३ टक्के आहे. एका दाखल्याचा वाटा जवळजवळ ७० टक्के आहे. ग्राहक विकत घेतो ती मुख्यतः मोटार नव्हेच. तो एक शब्द विकत घेतो, आणि मोटार त्याच्यासोबत येते.

हा दाखला दहा वर्षे टिकतो. मुदत संपल्यावर मोटारीची नोंदणी रद्द करून ती मोडीत काढावी लागते अथवा परदेशी धाडावी लागते. किंवा मागील तीन महिन्यांच्या सरासरी भावावर आधारलेली रक्कम भरून पाच अथवा दहा वर्षांची नवी मुदत घ्यावी लागते. ही पद्धती १९९० च्या मे महिन्यापासून अमलात आहे. दाखल्यांची संख्या शासन ठरवते, लिलाव महिन्यातून दोनदा होतो, आणि एका वर्गातील सर्व यशस्वी बोलीदारांना एकच भाव पडतो : अयशस्वी बोलींपैकी सर्वांत मोठ्या बोलीहून एक डॉलर अधिक. त्याच ऑक्टोबरात मोठ्या मोटारींच्या वर्गाचा भाव १,५०,००१ डॉलर निघाला. त्या आकड्याच्या शेवटी असलेला एक डॉलर हा या पद्धतीचा जणू हस्ताक्षराचा ठसा होय.

३

मध्यवर्ती शब्दाकडे वळण्यापूर्वी त्याच्या भोवतालच्या शब्दांकडे ओझरती दृष्टी टाकणे उपयुक्त ठरेल. ‘अतिरिक्त’ नोंदणी शुल्क १९६८ साली सुरू झाले तेव्हा ते मोटारीच्या मूल्याच्या १५ टक्के होते. १९८३ पर्यंत ते १७५ टक्क्यांवर गेले. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार ते चढत्या पायऱ्यांनी आकारले जाऊन ८०,००० डॉलरांच्या वरील मूल्यावर ३२० टक्के पडते. मूळ शुल्क काही शेकड्यांत आणि ‘अतिरिक्त’ शुल्क हजारांत, अशी स्थिती झाल्यावर विशेषणाने विशेष्याला गिळून टाकले आहे, असेच म्हणावे लागते.

‘ओपन मार्केट व्हॅल्यू’ ही दुसरी संज्ञा. शब्दशः अर्थ घेतला तर ती खुल्या बाजारातील किंमत व्हावी. वस्तुतः ती खरेदी, जहाजभाडे, विमा इत्यादी खर्च धरून जकात खात्याने ठरवलेली आयात-किंमत असते. आणि सिंगापूरच्या खुल्या बाजारात त्या किमतीला मोटार कोणालाही मिळत नाही. तिसरी संज्ञा ‘प्रेफरन्शियल’ हे विशेषण वागवते. १९७५ साली, जुनी मोटार मोडीत काढून नवी घेणाऱ्यास अतिरिक्त शुल्कात सवलत देण्यासाठी ते योजले गेले. पुढे योजनेचे रूप पालटून ती परताव्याची योजना झाली. विशेषण मात्र आद्याक्षरांत तसेच राहिले. असे शब्द भाषेत अश्मीभूत होऊन राहतात आणि कोणाचे फारसे नुकसान करीत नाहीत. ‘एन्टायटलमेंट’ची गोष्ट निराळी आहे. तो शब्द अद्याप जिवंत आहे, कारण त्याच्या अर्थावर लोक आजही भांडतात.

४

मराठीत या शब्दाला सहज सुचणारा प्रतिशब्द ‘हक्क’ हा होय. अरबीतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘सत्य’, ‘न्याय्य’ हा अर्थ आहे आणि मराठी वापराने तो सोडलेला नाही. ‘हक्काचे घर’, ‘हक्काचा माणूस’, ‘हक्काने मागणे’ या प्रयोगांत हक्क हा मागणीच्या आधी असतो. मागितल्याने तो निर्माण होत नाही, आणि किंमत दिल्याने तर नाहीच. वतनदारांच्या ‘हक्कलाजिम्या’तही, ती पद्धती कितीही विषम असो, देणे हे पदाला चिकटलेले असे, ते बोली लावून मिळत नसे.

याच क्षेत्रातील दुसरे तीन शब्द या ठिकाणी तपासले पाहिजेत. ‘परवाना’ म्हणजे अधिकाऱ्याने दिलेली अनुज्ञा. तो अटी पाळणाऱ्यास मिळतो. त्याची फी ठरलेली असते, आणि एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याला नाकारला जाण्याचे कारण सहसा पडत नाही. ‘मक्ता’ हा लिलावाने, सर्वांत मोठ्या बोलीस, ठराविक मुदतीसाठी सुटतो : बाजाराचा, नावेचा, जकातीचा. मक्तेदार ही रक्कम पुढे लोकांकडून वसूल करतो. ‘पट्टा’ हा जमिनीचा. त्याला मुदत असते, मोबदला असतो, आणि मुदतीअंती जमीन मूळ मालकाकडे परत जाते.

आता सिंगापूरच्या दाखल्याची लक्षणे या चौकटीत बसवून पाहावीत. तो मक्त्याप्रमाणे लिलावाने सुटतो. पट्ट्याप्रमाणे मुदतीने संपतो, आणि त्याचे अधिकृत स्पष्टीकरणही मर्यादित रस्त्याचा दहा वर्षांपुरता वापर असेच केले जाते. परवान्याप्रमाणे तो शासनाकडून निघतो. हक्काचे एकही लक्षण त्यात आढळत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये, जागतिक आर्थिक संकटाच्या दिवसांत, लहान मोटारींसाठी हा दाखला २ डॉलरांना मिळाला. पंधरा वर्षांनी त्याच वर्गात तो १,०६,००० डॉलरांना गेला. हक्क तोच, रस्ता तोच, मुदतही तीच. जो हक्क पंधरा वर्षांत त्रेपन्न हजार पटींनी महाग होऊ शकतो, त्याला हक्क म्हणणे ही भाषेची ओढाताण होय.

संस्कृतातील ‘अधिकार’ हा शब्द अधिक जवळचा वाटेल. पूर्वमीमांसेत अधिकाराचा विचार जैमिनीय सूत्रांच्या सहाव्या अध्यायात आला आहे. अमुक कर्म करण्यास कोण पात्र, हा तेथील प्रश्न आहे, आणि त्यात एक विवाद प्रस्तुत विषयाला विलक्षण लागू पडतो. यज्ञाला द्रव्य लागते, म्हणून द्रव्यवानालाच यज्ञाचा अधिकार असावा, असा पूर्वपक्ष. सिद्धान्त असा की द्रव्य हा माणसाचा स्थिर धर्म नव्हे. ते येते आणि जाते. ज्याला फलाची इच्छा आहे तो साधन मिळवील. म्हणून निर्धनाला अधिकारातून वगळता येत नाही. येथे अधिकाराचा उगम प्रयोजनात आहे, धन हे केवळ साधन आहे. सिंगापूरच्या लिलावात हा क्रम उलटा झाला आहे. प्रयोजन विचारले जात नाही. धन हाच अधिकाराचा उगम ठरतो. मीमांसकांनी खोडून काढलेला पूर्वपक्ष तेथे सिद्धान्ताच्या आसनावर बसला आहे.

परंतु ही तुलना ताणता कामा नये. ज्या पादात निर्धनाला अधिकार दिला आहे, त्याच पादात शूद्राला तो नाकारला आहे. तेव्हा त्या शास्त्राला समतेचे प्रमाणपत्र देण्याचे कारण नाही. शिवाय दोन्ही व्यवहारांत एक मूलभूत भेद आहे. एकाने यज्ञ केल्याने दुसऱ्याच्या यज्ञात उणेपणा येत नाही. रस्त्यावर मात्र प्रत्येक नवी मोटार इतर सर्वांची वाट थोडी थोडी अडवते. जेथे अधिकारी पुष्कळ आणि वस्तू थोडी, तेथे निवडीची काहीतरी रीत लागणारच. बीजिंगने २०११ पासून सोडत काढण्याची रीत स्वीकारली. तेथे धनाच्या जागी दैव आले, इतकेच. म्हणून लिलाव हा अन्यायच, असा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. आक्षेप रीतीवर नसून नावावर आहे : लिलावाने जे दिले जाते, त्यास हक्क म्हणू नये.

५

याच सहाव्या अध्यायात ‘रथकार’ या शब्दाची प्रसिद्ध चर्चा आहे, आणि वाहनाच्या परिभाषेचा विचार करताना तिची आठवण होणे स्वाभाविक आहे. रथकार म्हणजे रथ करणारा कोणीही, की त्या नावाने ओळखला जाणारा विशिष्ट समूह? निर्णय दुसऱ्या अर्थाच्या बाजूने झाला. कारण शब्दाची रूढी त्याच्या व्युत्पत्तीहून बलवत्तर असते. हाच न्याय सिंगापूरच्या लोकभाषेने आपल्यापुरता दिला आहे. तेथे पूर्ण नाव क्वचितच उच्चारले जाते. ‘सी-ओ-ई’ ही तीन अक्षरे रूढ आहेत, आणि रूढीने त्यांचा अर्थ ‘दाखला’ असा न राहता ‘दाखल्याचा भाव’ असा झाला आहे. सी-ओ-ई वाढला, सी-ओ-ई उतरला, असे लोक बोलतात. हक्क वाढत वा उतरत नाही. भाव वाढतो, भाव उतरतो. शासनाने दिलेले नाव बोलणाऱ्यांनी न खोडता दुरुस्त केले, असेच यास म्हणता येईल.

चिनी भाषिकांनी तर निराळाच मार्ग धरला. तेथील वृत्तपत्रांत रूढ असलेले नाव ‘योंग छ चंग’ असे आहे : पहिला अवयव ‘जवळ बाळगणे’ या अर्थाचा, दुसरा ‘गाडी’, तिसरा ‘दाखला’. गाडी बाळगण्याचा दाखला, इतकाच अर्थ. त्यात हक्काचा मागमूस नाही. एकाच देशात, एकाच कागदाला, एका भाषेत ‘पात्रतेचे’ आणि दुसऱ्या भाषेत ‘बाळगण्याचे’ नाव मिळावे, ही गोष्ट परिभाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही. पहिले नाव माणसाविषयी काही सांगते. दुसरे केवळ वस्तूविषयी. आणि ज्या समाजात नव्वदीच्या दशकात ‘पाच सी’ या विनोदी सूत्रात रोकड, मोटार, क्रेडिट कार्ड, उंची सदनिका आणि क्लबचे सदस्यत्व यांत जीवनाची इतिकर्तव्यता गोवली गेली, त्या समाजात माणसाविषयी बोलणारे नाव प्रतिष्ठेचे खतपाणी ठरते. महागड्या दाखल्याने मोटार दुर्मिळ झाली, आणि ‘पात्र’ या विशेषणाने ती भूषणावह झाली.

६

नावातील हा दोष केवळ भाषिक असता तर त्याची इतकी चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु त्यामुळे तीन गोष्टी दृष्टीआड होतात.

पहिली गोष्ट अशी की दाखला मोटार बाळगण्यावर आकारला जातो, ती चालवण्यावर नव्हे; गर्दी मात्र चालवण्याने होते. दहा वर्षांची रक्कम एकदा भरल्यावर प्रत्येक फेरी तुलनेने स्वस्त पडते, आणि दिलेले पैसे वसूल करण्याची वृत्ती बळावते. हक्क बजावलाच पाहिजे, ही भावना ‘हक्क’ या शब्दातच आहे. याउलट रस्त्याच्या वापरासंबंधीची परिभाषा कालानुसार अधिक सरळ होत गेली. जून १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागी सकाळच्या वेळी प्रवेशासाठी दिवसाला ३ डॉलरांची चिठ्ठी लावण्याची पद्धत आली. तिच्या नावात ‘लायसन्सिंग’ म्हणजे परवाना हा शब्द होता. १९९८ साली कमानींखालून जाताना आपोआप पैसे कापणारी विद्युत्-पद्धती आली. तिच्या नावात ‘प्रायसिंग’ म्हणजे किंमत-आकारणी हा शब्द आहे. परवान्यापासून किमतीपर्यंतचा हा प्रवास प्रामाणिकपणाकडे जाणारा होता. या दोन टप्प्यांच्या मधोमध, १९९० मध्ये, मालकीच्या बाजूला मात्र ‘एन्टायटलमेंट’ हा भारदस्त शब्द अवतरला.

दुसरी गोष्ट वर्गांची. लहान मोटारींचा वर्ग बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखीव आहे, अशी समजूत होती. पण वर्गाची व्याख्या इंजिनाच्या आकारमानावर होती. लहान इंजिनाच्या उंची मोटारी निघाल्यावर त्या याच वर्गात बोली लावू लागल्या, तेव्हा फेब्रुवारी २०१४ पासून शक्तीची मर्यादाही घालावी लागली. पुढे भाड्याने मोटारी पुरवणाऱ्या कंपन्या याच रांगेत आल्या. त्यांची मोटार दिवसभर उत्पन्न देते. म्हणून त्यांच्या लेखी हा दाखला खराखुरा मक्ता आहे. कुटुंबाच्या लेखी तो पट्टा आहे. मक्ता घेणारा आणि पट्टा घेणारा यांची एकाच बोलीत गाठ पडली, तर भाव कोण चढवील हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही. ‘हक्क’ या एका नावाखाली हा भेद मिटून जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत कळीची आहे. २०२२ च्या अखेरीस मोटारसायकलीच्या दाखल्याचा भाव १२,००० डॉलरांच्या वर गेला; साध्या मोटारसायकलीच्या मूळ किमतीहून तो कितीतरी अधिक होता. मोटारसायकल हे तेथे अल्प उत्पन्नाच्या माणसाचे, घरोघर माल पोचवणाऱ्याचे साधन आहे. लहान मुले, अपंग वा वृद्ध आईवडील असलेल्या कुटुंबांना प्राधान्य द्यावे, दुसऱ्या मोटारीवर अधिभार बसवावा, अशा सूचना वेळोवेळी पुढे आल्या. २०१३ साली त्यांवर जाहीर विचारविनिमयही झाला. अडचण खरी होती : कोणाची गरज मोठी हे ठरवायचे कोणी? पण ज्या कागदावर ‘पात्रता’ असे लिहिले आहे, त्याच्याविषयी पात्रता ठरवणे अशक्य आहे असे उत्तर देणे, हा शब्दाचा आणि व्यवहाराचा उघड विसंवाद होय.

७

शासनाच्या बाजूनेही काही म्हणता येण्याजोगे आहे, आणि न्यायबुद्धीने ते नोंदवले पाहिजे. दाटीवाटीच्या या बेटावर रस्ते वाहते राहिले आहेत. लिलावातून मिळणारी रक्कम सरकारी तिजोरीत जाते, दलालांच्या खिशात नव्हे. १९८७ पासून लोहमार्गाचे जाळे सतत विस्तारत आले आहे, आणि २०४० पर्यंत गर्दीच्या वेळचे दहांपैकी नऊ प्रवास पायी, सायकलीने वा सार्वजनिक वाहनांनी व्हावेत असे ध्येय २०१९ च्या आराखड्यात ठेवलेले आहे. ज्याला मोटार मिळत नाही त्याला वाट मिळावी, हे या धोरणाचे खरे समर्थन आहे. गंमत अशी की हक्क या शब्दाला कोठे जागा असेल तर ती येथे आहे : इच्छित स्थळी वेळेवर पोचण्याचा हक्क. तो लिलावात सुटत नाही, त्याला मुदत नाही, आणि एकाने तो उपभोगल्याने दुसऱ्याचा घटत नाही.

धोरण स्वतःही त्याच दिशेने सरकत असल्याची चिन्हे आहेत. फेब्रुवारी २०१८ पासून मोटारींच्या वाढीचा दर शून्य ठरवण्यात आला होता. म्हणजे एक मोटार मोडीत निघाल्यावाचून दुसरीसाठी दाखला निघेना. २०२३ च्या अखेरीपासून मोटारींत उपग्रहाच्या साहाय्याने चालणारी नवी यंत्रे बसवली जाऊ लागली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुढील काही वर्षांत २०,००० पर्यंत जादा दाखले देण्याचे जाहीर झाले. वापरावर नियंत्रण ठेवता येत असेल तर मालकी थोडी सैल सोडता येते, हा त्यामागील विचार आहे. हा विचार जसजसा रुजेल तसतसा दाखल्याचा भार हलका होईल, आणि त्याचे भारदस्त नावही अनावश्यक ठरेल.

राहता राहिला मराठी प्रतिशब्दाचा प्रश्न. परिभाषा घडवताना मूळ शब्दाच्या व्युत्पत्तीला प्रतिव्युत्पत्ती जोडण्याची घाई आपल्याकडे पुष्कळदा होते. ‘अधिकारपत्र’, ‘हक्कपत्र’, ‘पात्रता-प्रमाणपत्र’ हे शब्द अशाच घाईतून सुचतात. त्यांतील कोणताही स्वीकारला तर परक्या नावातील दोष निर्दोष मराठीत उतरेल. व्यवहार पाहून नाव द्यावयाचे तर ‘रस्तापट्टा’ हा शब्द अधिक यथार्थ आहे. त्यात भूमी आहे, मुदत आहे, मोबदला आहे; आणि मुख्य म्हणजे ती भूमी सर्वांची असून दहा वर्षांनी ती सर्वांना परत करावयाची आहे, ही जाणीव आहे. लक्ष डॉलर मोजणाऱ्याला हा शब्द रुक्ष वाटेल. परंतु बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो सांगतो की समोरून गेलेल्या मोटारीतील गृहस्थ त्याच्याहून अधिक पात्र नाही. त्याने त्या थांब्यावरील माणसाचीही असलेली जागा काही काळापुरती भाड्याने घेतली आहे.